मालिनीच्या नावावरचं रक्त

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या चाळीत सुंदराबाईंना 'बदली' म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी त्या रागवत नसत. गिरणीत एखादा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राहतो, तशा सुंदराबाई अख्ख्या चाळीच्या जागी उभ्या राहायच्या. रॉकेलच्या रांगेत त्यांच्या हातात स्वतःचं रेशनकार्ड आणि त्याखाली शेजारणींच्या कार्डांची चवड. वरच्या मजल्यावरच्या रखमाच्या पोराने शाळेत कोणाचं तरी डोकं फोडलं, मास्तरांनी आईला बोलावलं आणि रखमाला मास्तरांची धास्ती. तर सुंदराबाई पदर खोचून 'मीच याची आई' म्हणून गेल्या आणि पोराला तिथल्या तिथे अशी एक ठेवून दिली की मास्तरांना संशय यायला जागाच उरली नाही. चाळीतले टवाळ म्हणायचे, उद्या कोणाच्या नावाने वॉरंट निघालं तर बाई पिशवी भरून हवालदाराबरोबर चालू लागतील, वर निघताना त्याला चहाही पाजतील.

नवरा शिवराम अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातून घरी बसला होता. काड्या जपून वापराव्यात तसे शब्द वापरायची त्याला तिथेच सवय लागली असावी. मुलगा किसन अंबरनाथलाच एका केमिकल कंपनीत फिटर. आणि अठ्ठ्याऐंशी साली त्याची बायको मालिनी पहिलटकरीण होती.

मालिनी वांगणीची. सासूला आत्या म्हणायची, आणि या दोघींचं इतकं गूळपीठ होतं की चाळीतल्या बायकांची फार पंचाईत व्हायची. नळावर बसून सून सासूबद्दल बोलेना, सासू सुनेबद्दल बोलेना; मग बोलायचं कशावर? दोघी एका ताटात जेवायच्या. मालिनीला घाबरायचं एवढंच काम यायचं असं रखमा म्हणे. पाल, मोठा आवाज, कुत्रं, आणि सगळ्यात वर सुई. शाळेत लस टोचणारे आले तेव्हा ही पेंढ्यात लपून बसली होती आणि संध्याकाळी घरच्यांनी पाय धरून बाहेर ओढली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना डॉक्टरीणबाईंनी सुई टोचायच्या आधीच ती आडवी झाली होती.

सातवा सरत आला तेव्हा डॉ. टिपणीसबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, पारा बघितला, आणि पुन्हा दाबला. मग त्यांनी तिला बाहेर बसवून सुंदराबाईंना आत घेतलं. बाईंचा दवाखाना बदलापूर स्टेशनजवळ, दोन खाटांचा. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण खोटं नाही.

प्रेशर वाढलंय, म्हणाल्या. आता ही पोर मला बघूनच थरथरते. नुसत्या भीतीने वाढलं असेल तर घरी निजवून ठेवा, मीठ कमी करा, भागेल. पण गरोदरपणाचं प्रेशर असेल तर गोष्ट वेगळी. ते आईच्या किडनीला धरतं, बाळाचं खाणं तोडतं, आणि शेवटी आईला झटके आणतं. पट्ट्याला दोन्ही सारखीच दिसतात. लघवी तापवून बघितली तर किंचित गढूळ आहे, धड दोष आहेही म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. म्हणून रक्तातलं युरिक ॲसिड बघायचं. ते चढलेलं निघालं तर हिला लगेच मोठ्या इस्पितळात ठेवायची. एकट्या त्यावर सगळं ठरत नाही, पण माझ्या हातात दुसरं काही नाही.

ही तपासणी तेव्हा बदलापुरात होत नव्हती. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर जेठानंद नावाच्या सिंधी माणसाची लॅब होती, तिथली चिठ्ठी बाईंनी दिली. चिठ्ठीवर मालिनीचं नाव आणि तपासणीचं नाव. वय लिहायचं राहून गेलं. पुढचं सगळं त्या राहिलेल्या वयामुळे सोपं झालं.

उल्हासनगरला पोचेपर्यंत मालिनीने सासूच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून त्याची वात केली होती. जिना चढताना ती दोनदा थांबली. वर बाकावर माणसं बसलेली, पडद्यामागून काचेच्या सिरिंजा उकळत्या डब्यातून काढल्याचा खळखळाट. कोणाचं तरी लहान मूल आत रडलं आणि मालिनीचा चेहरा पिठासारखा झाला.

"आत्या, मला नाही जमायचं," ती म्हणाली. "मी इथंच पडेन. पोटावर पडले तर?"

हा प्रश्न सुंदराबाईंना नेमका लागला. त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं की भरल्या पोटाच्या बाईचं रक्त सांडू नये, ते दोघांचं असतं. डॉक्टरीणबाईंसमोर हे बोलायची सोय नव्हती. आणि शिवाय, त्यांच्या मनात आलं, एका चुलीवरचं खातो, एका ताटात जेवतो, एका नळाचं पाणी पितो. रक्तात असा काय फरक पडणार? ॲसिड म्हणजे आंबटच ना? आंबट घरात शिजलं तर दोघींच्या पोटात गेलं.

आतून नाव पुकारलं गेलं. मालिनीने हात मागे घेतला. सुंदराबाई उठल्या आणि आत गेल्या.

जेठानंद चष्म्याच्या वरून बघणारा, घाईतला माणूस. त्याच्याकडे युरिक ॲसिडसाठी येणारं गिऱ्हाईक म्हणजे सांधे धरलेली पन्नाशीची माणसं, त्यामुळे समोर पन्नाशीची बाई बसली यात त्याला काही वावगं दिसलं नाही. दंडाला रबरी नळी बांधता बांधता त्याने विचारलं, "अम्मा, घुटने में दर्द है ना? अंगूठा भी सूजता है?"

"सूजता है," सुंदराबाई म्हणाल्या. सुजत होतंच, पण सुनेचं.

बाहेर येऊन त्यांनी कापूस दाबलेला हात पदराखाली घेतला. मालिनी त्यांच्याकडे बघून आधी रडली, मग हसली. खाली रस्त्यावर त्यांनी तिला लस्सी पाजली. आणि तिथेच मालिनीने सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि शपथ घातली की हे कोणाला सांगायचं नाही, यांना तर नाहीच नाही. सुंदराबाईंनी शपथ घेतली. त्यात त्यांना काही अवघड वाटलं नाही. रखमाच्या पोराचीही आई झालेल्या बाई त्या.

रिपोर्ट आला तो एकदम स्वच्छ. टिपणीसबाईंनी तो दोनदा वाचला, कपाळावरची आठी सोडली आणि म्हणाल्या की म्हणजे हिची भीतीच जास्त आहे, निजवून ठेवा, पंधरा दिवसांनी आणा. किसनने चाळीत पेढे वाटले. रिपोर्टाचे पेढे वाटणारा हा पहिलाच बाप, असं सगळ्यांनी त्याला चिडवून घेतलं आणि दोन-दोन पेढे खाल्ले.

सुंदराबाईंनीही खाल्ला. तो काही गोड लागला नाही. किसनने तो कागद जपून ट्रंकेत ठेवला तेव्हा त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की घरात सगळे ज्याच्यावर निर्धास्त झाले आहेत, त्यात मालिनीबद्दल एक अक्षर नाही.

त्यानंतर त्या सुनेकडे बघायला लागल्या. आधीही बघायच्या, पण आता चोरून, आणि सारख्या. पाय सुजले होते. ते काय, सगळ्यांचेच सुजतात. मग सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसू लागला, डोळ्यांच्या खाली फुगीर. चाळीतल्या बायका म्हणाल्या, काय तेज आलंय, मुलगाच होणार. रखमाने तर पैज लावली. सुंदराबाई तेवढ्या वेळ हसल्या आणि घरात येऊन भाजीत मीठच टाकलं नाही. शिवरामने एक घास खाऊन ताटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि मुकाट्याने जेवला.

पंधरा दिवस भरायच्या आतच मालिनीचं डोकं दुखू लागलं. बाम चोळला, उतरेना. एके दुपारी ती म्हणाली, "आत्या, भिंतीवर काजवे दिसतायत." भर दुपारी, दारातून ऊन आत आलेलं. सुंदराबाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि बाबासाहेबांचा फोटो होता, बाकी काही नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

"जाऊ. पण ते सांगायचं नाही. तुम्ही पोटावर हात ठेवून शपथ घेतलीय."

"अगं, पण…"

"शपथ मोडली तर बाळाला लागते. तुम्हीच म्हणता."

म्हणायच्या खऱ्या. आता स्वतःचंच बोलणं गळ्याशी आलं होतं. सांगावं तर पोटातल्या जिवाची शपथ, न सांगावं तर तोच जीव. शिवाय किसनचा चेहरा डोळ्यांसमोर येई. बापासारखा मुका नव्हता तो. एकदा भडकला की महिनोन् महिने धरून ठेवायचा. त्यांनी शिवरामजवळ विषय काढून बघितला. म्हणाल्या, अहो, समजा एखाद्याने चांगल्या मनाने दुसऱ्याच्या जागी काही केलं आणि… शिवराम पेपर खाली घेऊन थांबला. समजा, म्हणून त्या तिथेच अडकल्या, आणि म्हणाल्या, काही नाही, चहा ठेवते. तो त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसन पहिल्या पाळीला गेला. मालिनी चहाचं भांडं स्टोव्हवरून उतरवून ओट्यावर ठेवायला गेली आणि ओट्याच्या वीतभर अलीकडे सोडून दिलं. चहा तिच्या पायावर सांडला. ती ओरडली नाही. तिला ओटे दोन दिसले होते. मग छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधोमध कोणी मूठ दाबल्यासारखं दुखतंय म्हणत ती खाली बसली.

सुंदराबाईंनी तिला उठवली. हिरामण म्हणून चाळीत एकाचा विटा वाहायचा टेम्पो होता, तो निघतच होता. त्याला थांबवून तिला पुढे बसवलं, शिवराम मागे विटांच्या चुऱ्यात चढला, आणि सगळे टिपणीसबाईंच्या दवाखान्यात.

दवाखाना भरलेला. मालिनीला बाकावर आडवी करून सुंदराबाई थेट आत घुसल्या. बाई एका बाळाला तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. छातीखाली दुखतंय, डोकं दुखतंय. "पित्त असेल," त्या म्हणाल्या. "तिचा रिपोर्ट चांगला आहे ना. बसवा, नंबर आला की बघते. घाबरवू नका तिला, तेवढ्यानेच प्रेशर चढतं तिचं."

सुंदराबाई हलल्या नाहीत. खोलीत बाळाची आई, बाळाची आजी, दारात रखमाची जाऊ आणि तिच्यामागे शिवराम. दुपारपर्यंत सगळ्या हेंद्रेपाड्यात बोभाटा होणार हे त्यांना दिसत होतं. हातावर मालिनीच्या पोटाची ऊब अजून असल्यासारखी वाटत होती.

"तो रिपोर्ट तिचा नाही," त्या म्हणाल्या. "माझा आहे. तिच्या जागी मी बसले होते."

टिपणीसबाईंचा हात बाळाच्या पोटावर तसाच राहिला.

"रक्त तुमचं दिलंत?"

"माझं."

बाई ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी बाळाला त्याच्या आईच्या हातात दिलं आणि बाहेर आल्या. पट्टा गुंडाळला. पारा जिथे जाऊन थांबला तिथे त्यांनी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. नर्सने लघवीची परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. गेल्या वेळी किंचित गढूळ झालेलं पाणी या वेळी अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं.

"गाडी आहे?" बाईंनी विचारलं.

टेम्पो आहे, शिवराम म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं बोलणं.

बाईंनी मालिनीला एक इंजेक्शन दिलं आणि लगेच रक्ताची सिरिंज घेतली. उल्हासनगरच्या सरकारी इस्पितळात तिला न्यायचं, वाटेत जेठानंदकडे रक्त टाकायचं. रिपोर्टासाठी थांबायचं नाही, पण तिथल्या डॉक्टरांना तो हवा असेल. मालिनीने सुई बघितली आणि सवयीने सासूकडे बघितलं. अर्धवट शुद्धीतही ते बघणं तसंच होतं. सुंदराबाईंना स्वतःचा दंड पुढे करायची एवढी उबळ आली की त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचा हात धरला आणि कोपर सरळ करून टेबलावर दाबला.

"माझ्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "तिकडे नको."

मालिनी रडली, पण पडली नाही.

टेम्पोत मागे गादी टाकली. टिपणीसबाई दवाखाना तसाच टाकून बरोबर चढल्या आणि त्यांच्या हातात कापडाची पट्टी गुंडाळलेला एक चमचा होता. सुंदराबाईंनी चमचा कशाला हे विचारलं नाही. अंबरनाथच्या अलीकडे त्यांना कळलं. मालिनीचे डोळे एका बाजूला ओढले गेले, जबडा आवळला, आणि सगळं अंग लाकडासारखं होऊन थडथडू लागलं. बाईंनी चमचा तिच्या दातांमध्ये घातला, तिला कुशीवर वळवलं आणि सुंदराबाईंना खांदा धरायला सांगितलं. सुंदराबाईंनी धरला. त्या थडथडण्यात आपल्याला घेता येण्यासारखं काहीच नव्हतं. मध्ये हात घालता येत नव्हता, मीच ती म्हणून सांगता येत नव्हतं. हिरामण पुढून विचारत होता, वैनी बऱ्या आहेत का.

इस्पितळात तिला लगेच आत घेतलं. टिपणीसबाईंनी तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेही, लपवलं नाही. पोट फाडून मूल काढायचं ठरलं. सहीसाठी नवरा हवा होता. हिरामण टेम्पो घेऊन अंबरनाथला गेला आणि किसनला कंपनीच्या कपड्यांतच उचलून घेऊन आला. वाटेत त्याने त्याला काय काय सांगितलं ते किसनच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याने सही केली. मग आईसमोर उभा राहिला.

"तू घरी जा," तो म्हणाला.

"मालूला बघून…"

"जा म्हटलं ना."

सुंदराबाई घरी गेल्या नाहीत, पण वरही थांबल्या नाहीत. खाली फाटकाजवळ शहाळ्याच्या गाडीशेजारी एक कट्टा होता, तिथे बसल्या. शिवराम थोडा वेळ वर, थोडा वेळ खाली करत होता. वरून काय आलं ते तो सांगत होता, एकेक शब्दात. मुलगी. मग, जिवंत. मग बऱ्याच वेळाने, लहान आहे, काचेत ठेवलीय. मालिनीबद्दल सुंदराबाई विचारत नव्हत्या आणि तो सांगत नव्हता, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. तिला अजून शुद्ध नव्हती. जेठानंदकडचा माणूस कागद घेऊन आला आणि वर गेला. पुढे शिवरामने सांगितलं की आकडा तुझ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

"मी आधी बोलले असते तर…" सुंदराबाई म्हणाल्या.

शिवरामने त्यांच्यापुढे शहाळं धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

चाळीतून माणसं आली. एरवी त्यांना बघून चेष्टा केल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. त्या दिवशी सगळे पायऱ्यांकडे बघत वर गेले. रखमा तेवढी थांबली, शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उठली. चेष्टेची सवय झालेल्या सुंदराबाईंना त्या दिवशी कोणीतरी 'बदली' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिनी शुद्धीवर आली. नजर धूसर होती, माणसं सावल्यांसारखी दिसत होती. किसन तिच्या उशाशी बसला होता. तिने पहिल्यांदा बाळाचं विचारलं. मग आत्या कुठायत म्हणून विचारलं.

किसनने आईचं नाव काढू नको म्हणून सांगितलं. तिच्यामुळे हे झालं, तिने खोटं रक्त दिलं, तू गेली असतीस. तो हळू बोलत होता, पण शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

मालिनीने त्याला संपवू दिलं. टाके दुखत होते, जीभ चावली गेली होती, शब्द नीट येत नव्हते.

"नाव माझं पुकारलं होतं," ती म्हणाली. "मी हात मागं घेतला. आणि शपथ पण मी घातली. त्यांना रागवायचं असेल तर आधी मला रागवा."

किसनने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आणि त्या बोलल्या नसत्या," ती म्हणाली, "तर मी बाकावरच नंबर लागायची वाट बघत राहिले असते."

किसन उठून खिडकीशी गेला. मग खाली उतरला. कट्ट्यावर सुंदराबाई तशाच बसलेल्या, कालच्याच साडीत, पदरावर चहाचे डाग आणि विटांची लाली. त्याला बघून त्या उठल्या नाहीत. चेहऱ्यावरून काय बातमी आहे ते वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि जमत नव्हतं.

"उठलीय," तो म्हणाला. "तुला बोलावतेय."

सुंदराबाईंनी पदर सावरला. "आणि तू?"

किसन खाली वाकला. त्यांच्या पायाजवळची पिशवी उचलली आणि चालू लागला. जिन्यापाशी तो थांबला, आईचे गुडघे दुखतात हे त्याला माहीत होतं. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण त्या कठडा धरून पहिली पायरी चढेपर्यंत तो तिथेच उभा होता.